करारात काय लिहिलं होतं? परदेशी भांडवल आणि चार देश

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतले इतिहासाचे सर प्रशिक्षणाला गेले होते आणि नववीचा ऑफ पिरियड माझ्या वाट्याला आला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, पण मुलांनी पुस्तक उघडलेलंच होतं. पान होतं १९९१ च्या आर्थिक धोरणाचं. मी तो भाग वाचून दाखवला आणि काही शंका असेल तर विचारा म्हणालो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, ईस्ट इंडिया कंपनी आली ती पण परदेशी गुंतवणूकच ना? मग ती वाईट आणि ही चांगली कशी?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "तेव्हा राज्य परक्यांचं होतं, आता आपलं आहे." तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसलं. कारण माझंही झालं नव्हतं. कंपनी सुरतेला आली तेव्हा राज्य इथलंच होतं की! दिल्ली-आग्र्याच्या तख्तावर जहांगीर बसला होता. परक्यांचं राज्य कंपनी आल्यावर दीडशे वर्षांनी झालं. मग मधल्या काळात काय घडलं?

पुढचे काही आठवडे मी या प्रश्नाच्या मागे होतो. अर्थशास्त्र मला फारसं येत नाही. पण भाषेच्या मास्तराला एक सवय असते, कागदावर नक्की काय लिहिलंय ते दोनदा वाचायची. त्याच सवयीने मी ही चार देशांची गोष्ट वाचली. ती इथे मांडतो.

दोन बादशहा, दोन कागद

१६१३ मध्ये जहांगीरच्या फर्मानाने इंग्रजांना सुरतेत वखार घालता आली. पोर्तुगीज समुद्रावर दादागिरी करत होते, त्यांना कोणीतरी शह देणारा हवा होता. शिवाय हे लोक कापड आणि नीळ घेऊन त्याबदल्यात चांदी आणत. सौदा वाईट नव्हता. पुढे औरंगजेबाच्या काळात कंपनीने मुघलांशी लढाई उकरून काढली, तेव्हा ती सपाटून हरली. १६९० मध्ये माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून तिला पुन्हा व्यापाराची परवानगी मिळवावी लागली. म्हणजे अट मोडली तर वसूल करणारा हात जागेवर होता.

आता दुसरा कागद पाहा. १७१७ मध्ये फर्रुखसियरने कंपनीला फर्मान दिलं. वर्षाला फक्त ३,००० रुपये भरायचे आणि बंगालमध्ये जकातीशिवाय व्यापार करायचा. व्यापार कितीही वाढला तरी रक्कम तीच. सवलत संपण्याची मुदत नाही. कंपनीचा माल ओळखण्यासाठी 'दस्तक' नावाचा परवाना होता आणि तो कंपनीचेच अधिकारी देत. लवकरच हे अधिकारी आपल्या खासगी मालालाही दस्तक लावू लागले. बंगालचा देशी व्यापारी पूर्ण जकात भरत होता आणि त्याच्या शेजारून गोऱ्या साहेबाची नाव फुकट जात होती. बंगालच्या नवाबांनी वेळोवेळी तक्रार केली, पण फर्मान दिल्लीचं होतं आणि दिल्लीत दम उरला नव्हता.

प्लासीनंतर गादीवर आलेल्या मीर कासिमने १७६३ मध्ये शेवटचा उपाय केला. इंग्रजांना जकात लावता येत नसेल तर ती सगळ्यांनाच माफ, असं त्याने जाहीर केलं. देशी व्यापाऱ्यालाही तीच सवलत. कंपनीला खरं तर यात काय नुकसान होतं? पण तिला बरोबरी नको होती. त्यातून लढाई पेटली. १७६४ मध्ये बक्सरला मीर कासिम, अवधचा नवाब आणि बादशहा शाहआलम तिघेही हरले आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हातात गेली.

आजच्या कंपन्यांकडे फौज नसते, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण कंपनी तीच, देश तोच, आणि दोन कागदांचे दोन परिणाम. परदेशी माणूस आत आला की नाही यापेक्षा तो कोणत्या अटीवर आला आणि ती अट पाळून घेणारं कोण होतं, हे महत्त्वाचं. विसाव्या शतकात मोठ्या देशांनी आपापल्या अटी लिहिल्या, त्या याच नजरेने पाहू.

चाळीस टक्के आणि पंचवीस टक्के

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे वडील किंवा मामू आखातात आहेत. ते घरी पैसे पाठवतात, ती परदेशी गुंतवणूक नव्हे, ती कमाई. शेअर बाजारात आज आलेला आणि उद्या निघून जाणारा पैसाही वेगळा. परदेशी थेट गुंतवणूक म्हणजे बाहेरच्या कंपनीने इथे कारखाना, खाण, दुकान उभं करणं किंवा चालू धंद्यात मोठा हिस्सा घेऊन त्याच्या कारभारात बसणं.

तिच्यावर अट घालायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे हिश्श्याची. ती आमच्या कोकणी वाचकांना समजावून सांगायला नको. दुबईत मुक्त क्षेत्राबाहेर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावावर हवा, हा नियम २०२१ पर्यंत बहुतेक धंद्यांना होता. कित्येकांनी तो पाळला तो असा, की अरबाब वर्षाला ठरलेली रक्कम घेणार आणि दुकानाकडे फिरकणारही नाही. कागदावर मालक तो, गल्ल्यावर आपला माणूस. टक्केवारी आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लोकांनी अनुभवाने शिकलेलं आहे.

भारताने १९७३ मध्ये फेरा कायदा केला. १ जानेवारी १९७४ पासून तो लागू झाला. परदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांवर आणावा, असं त्यात होतं. खास तंत्रज्ञान आणणाऱ्या किंवा बराच माल निर्यात करणाऱ्या कंपन्यांना जास्त मुभा मिळे. बऱ्याच कंपन्यांनी भारतीयांना शेअर विकले आणि धंदा चालू ठेवला. कोका-कोलाने ऐकलं नाही आणि १९७७ मध्ये ती निघून गेली. तेव्हा जनता पक्षाचं सरकार होतं आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री. आयबीएमही १९७८ मध्ये गेली. सरकारी मॉडर्न फूड कंपनीने 'डबल सेव्हन' नावाचं पेय काढलं, पारलेने 'थम्स अप'. डबल सेव्हन टिकलं नाही, थम्स अप टिकलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने थम्स अप विकतच घेतलं.

आता १९७९ चा चीन पाहा. माओ जाऊन तीन वर्षं झाली होती. देंग श्याओपिंगच्या नेतृत्वाखाली चीनने त्या वर्षी जुलैमध्ये परदेशी भागीदारीचा पहिला कायदा केला. त्यातही टक्केवारी होती. पण ती अशी, की परदेशी भागीदाराचा हिस्सा किमान २५ टक्के असावा. वाचताना मला वाटलं, छपाईची चूक असेल. चूक नव्हती. भारत म्हणत होता, चाळीसच्या वर जाऊ नका. चीन म्हणत होता, पंचवीसच्या खाली येऊ नका. एकाला भीती होती पाहुणा घर बळकावेल याची. दुसऱ्याला भीती होती पाहुणा नुसता हात हलवत येईल आणि उद्या अंग काढून घेईल याची. त्याचे पैसे पुरेसे अडकले पाहिजेत, हा तिथला हिशेब.

भारताची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. ज्या देशाने दस्तक पाहिली, त्याला ती भीती असणारच. चीननेही अफूची युद्धं आणि परक्यांच्या ताब्यातली बंदरं पाहिली होती. जखम दोघांना होती. दोघांनी तिच्यावर घातलेली अट मात्र उलटी होती.

चीन: आधी कुठे, मग काय

चीनने सगळा देश एकदम उघडला नाही. १९८० मध्ये चार जागा निवडल्या: शेनझेन, झुहाई, शानतोऊ आणि श्यामेन. चारही दक्षिण किनाऱ्यावर, हाँगकाँग, मकाव आणि तैवानच्या समोर. बाहेर स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी पैसा घेऊन घरी यावं, हा हेतू. आणि सुरुवातीची बरीच गुंतवणूक हाँगकाँगमधूनच आली. या जागांत कर १५ टक्के. प्रयोग फसला तर चार गावांपुरता फसेल. १९८४ मध्ये किनाऱ्यावरची आणखी १४ शहरं उघडली. १९८६ मध्ये पूर्ण परदेशी मालकीच्या कंपनीलाही कायद्याने जागा दिली. १९९२ मध्ये म्हाताऱ्या देंगने दक्षिणेचा दौरा काढला आणि मग पूर आला. १९९१ मध्ये सव्वाचार अब्ज डॉलरच्या थोडी वर असलेली गुंतवणूक १९९३ मध्ये सत्तावीस अब्जांच्या पुढे गेली.

१९९५ पासून चीन एक यादी छापू लागला. कोणत्या धंद्याला प्रोत्साहन, कोणत्यावर बंधन, कशाला मनाई. यादी वेळोवेळी बदलत गेली. मोटारींचं उदाहरण यात बोलकं आहे. फोक्सवॅगनने १९८४ मध्ये शांघायच्या सरकारी कंपनीशी निम्म्या भागीदारीचा करार केला. सुरुवातीला सुटे भाग बाहेरून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९८७ मध्ये गाडीत चिनी भाग तीन टक्क्यांच्याही आत होते. शांघायच्या सरकारने भाग बनवणाऱ्या कारखान्यांवर पैसा लावला, जर्मनांकडून त्यांची तपासणी करून घेतली आणि पुढच्या दहा वर्षांत गाडी बहुतांशी चिनी भागांची झाली.

पण इथे सबुरीने बोललं पाहिजे. आपल्याकडे चीनचं नाव निघालं की एक तर कौतुक नाही तर शिव्या. खरी गोष्ट गुंतागुंतीची आहे. मोटार धंद्यात परदेशी हिस्सा ५० टक्क्यांवर जाऊ नये ही अट चीनने २०२२ पर्यंत चालवली. त्यातून सरकारी भागीदार कंपन्या श्रीमंत झाल्या, पण आळशीही झाल्या. जर्मनांची गाडी विकून नफा मिळतोय तर आपली कशाला बनवा? आज जगात गाजणाऱ्या बीवायडी आणि गीली या कंपन्या त्या लाडक्या सरकारी भागीदारांपैकी नाहीत. त्या खासगी. भागीदारीने पुरवठादार, कारागीर, इंजिनिअर तयार केले आणि त्यांचा उपयोग भलत्याच लोकांनी करून घेतला.

दुसरं, या यशाची किंमत. खेड्यातून शेनझेनला आलेल्या मजुराला शहराची नोंदणी नव्हती, म्हणून त्याच्या मुलांना शहरातली शाळा मिळत नसे. स्वतंत्र कामगार संघटना नाही. जमीन गेली तर मोर्चा काढायची सोय नाही. आणि आकड्यांतही भेसळ होती. परदेशी कंपनीला कर कमी, म्हणून चिनी पैसाच हाँगकाँगला जाऊन परदेशी टोपी घालून परत यायचा. २००८ मध्ये देशी-परदेशी दोघांचा कर २५ टक्के असा सारखा केला, तेव्हा हा एक मोह कमी झाला. मीर कासिमने जे १७६३ मध्ये करू पाहिलं, ते चीनने २००८ मध्ये केलं. फरक इतकाच की या वेळी कोणी फौज आणली नाही.

हसण्याआधी आपलंही सांगतो. आपल्याकडे हाँगकाँगच्या जागी मॉरिशस होतं. १९८२ च्या कर-करारामुळे तिथून आलेल्या गुंतवणुकीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे. अनेक वर्षं भारतात सगळ्यात जास्त गुंतवणूक करणारा देश म्हणून या चिमुकल्या बेटाचं नाव यादीत पहिलं असे. तिथे मराठी बोलणारी माणसं आहेत, पण इतका पैसा नक्कीच नव्हता. २०१६ मध्ये तो करार बदलला.

ब्राझील: इथेच बनवा

ब्राझीलने मालकीचा प्रश्न फारसा विचारलाच नाही. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या कुबिचेकची घोषणा होती, पाच वर्षांत पन्नास वर्षांची प्रगती. मोटार कंपन्यांना त्याच्या सरकारने सांगितलं, पूर्ण मालकी तुमचीच ठेवा, यंत्रं आणायला सवलत घ्या. पण तयार गाड्या आणून विकायच्या नाहीत. १९६० पर्यंत गाडीच्या वजनाच्या ९० ते ९५ टक्के भाग ब्राझीलमध्ये बनलेले हवेत. अट मोजता येण्यासारखी होती, तराजूवर घालून. कंपन्यांनी ती बऱ्याच अंशी पाळलीही. १९६० मध्ये ब्राझीलने एक लाख तेहेतीस हजार वाहनं बनवली.

मग नफ्याचं काय? १९६२ मध्ये गुलार्तच्या सरकारच्या काळात कायदा झाला, की परदेशी कंपनीने वर्षाला नोंदवलेल्या भांडवलाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नफा बाहेर पाठवू नये. परदेशी कंपन्या चिडल्या. १९६४ मध्ये लष्कराने गुलार्तला हटवलं. त्यामागे इतरही बरीच कारणं होती, पण नव्या राज्यकर्त्यांनी हा कायदा त्याच वर्षी सैल केला. म्हणजे कायदा संसदेत होतो, पण तो टिकवायला सरकारही टिकावं लागतं.

ब्राझीलला कारखाने मिळाले, साओ पाउलोभोवती लाखोंना रोजगार मिळाला, मजबूत कामगार चळवळ उभी राहिली आणि तिच्यातून पुढे लुला राष्ट्राध्यक्ष झाला. पण गाडीचा आराखडा, संशोधन, पुढच्या मॉडेलचा निर्णय हे सगळं बाहेरच राहिलं. फोर्डने शंभर वर्षांनंतर २०२१ मध्ये ब्राझीलमधलं गाड्यांचं उत्पादन बंद केलं, तेव्हा तो निर्णय अमेरिकेत झाला. बाहिया राज्यातल्या तिच्या रिकाम्या कारखान्याच्या जागी आज कोण आलं आहे? बीवायडी. १९७९ मध्ये भांडवल मागणारा देश आता भांडवल देणारा आहे.

इंडोनेशिया: माती नको, धातू न्या

जगातली सगळ्यात मोठी मुस्लिम लोकसंख्या या देशात आहे, म्हणून त्याचं नाव आपल्या लेखांत अभिमानाने येतं. पण त्याच्या खाणींचा इतिहास आपण सहसा वाचत नाही. सुकार्नोच्या काळात १९५७-५८ मध्ये डच कंपन्या ताब्यात घेतल्या गेल्या. सुहार्तो आल्यावर चाक उलटं फिरलं. १९६७ मध्ये परदेशी गुंतवणुकीचा नवा कायदा झाला आणि त्याखाली पहिला करार केला तो फ्रीपोर्ट या अमेरिकी खाण कंपनीने, पापुआच्या डोंगरातल्या तांब्यासाठी. तारीख लक्षात घ्या. पापुआच्या लोकांचं मत घेण्याचा म्हणून जो कार्यक्रम झाला, तो १९६९ चा. म्हणजे जमीन कोणाची हे कागदोपत्री ठरायच्या दोन वर्षं आधी तिच्या पोटातल्या तांब्याचा करार झाला होता. करार करायची घाई फक्त कंपनीलाच असते असं नाही.

त्या खाणीत ५१ टक्के हिस्सा परत मिळवायला इंडोनेशियाला २०१८ साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी जवळजवळ ३.८५ अब्ज डॉलर मोजावे लागले.

या अनुभवातून त्याने निकेलच्या बाबतीत वेगळी अट घातली. कच्चं खनिज बाहेर न्यायचं नाही, भट्टी इथे लावा आणि धातू न्या. २०१४ मध्ये बंदी घातली, २०१७ मध्ये सैल केली, १ जानेवारी २०२० पासून पुन्हा पूर्ण लागू केली. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला, त्याने अपील केलं आणि बंदी चालू ठेवली. सुलावेसी बेटावर भट्ट्या उभ्या राहिल्या, बहुतेक चिनी पैशाच्या. निर्यातीची कमाई वाढली. पण भट्ट्या कोळशाच्या विजेवर चालतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवालीच्या एका भट्टीत स्फोट होऊन २१ कामगार दगावले. अटीत धातू होता. कामगाराची सुरक्षितता तितक्या ठळक अक्षरात नव्हती.

आणि खाडीपलीकडचं अंजनवेल

आता घराजवळ येतो. दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याची फेरीबोट धरली की वाशिष्ठीचं मुख दिसतं. दाभोळ म्हणजे बहामनी आणि आदिलशाहीचं मोठं बंदर. इथून हज यात्रेकरूंची जहाजं सुटत, इथे घोडे उतरत. त्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ तो वीज प्रकल्प आहे, ज्याला सगळं कोकण 'एन्रॉन' म्हणतं.

१९९१ मध्ये देशाकडे काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. जुलैमध्ये ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडलं. नरसिंह राव पंतप्रधान, मनमोहन सिंग अर्थमंत्री. २४ जुलैच्या औद्योगिक धोरणाने ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी हिश्श्याला आपोआप मंजुरी दिली. फेराची चाळिशी ओलांडली गेली. चीनने जे चार गावांत करून पाहिलं होतं, ते आपण देशभर केलं, आणि तेही गळ्याशी आल्यावर. गरजवंताला करारात घासाघीस करता येत नाही.

एन्रॉनशी सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला आणि वीज खरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. स्पर्धात्मक निविदा काढल्याच नाहीत. मंडळाने घ्यायच्या विजेचा हिशेब डॉलरशी बांधलेला होता. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, म्हणजे आपल्या बिलातल्या 'स्थिर आकारा'सारखं, पण कोट्यवधींचं. मंडळाने नाही दिले तर राज्य देणार, राज्याने नाही दिले तर केंद्राची हमी. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि काही महिन्यांत नव्याने केला. गावकऱ्यांच्या आंदोलनावर पोलिसी कारवाई झाली. ह्युमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल काढला. त्याच वर्षी मे महिन्यात वीज सुरू झाली. मी बी.एड. करत होतो त्या सुमारास, २००१ मध्ये, महाग वीज परवडेना म्हणून मंडळाने हात वर केले आणि प्रकल्प बंद पडला. डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो प्रकल्प नव्या नावाने उभा केला. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये जो ठपका ठेवला, तो एका पक्षावर नव्हता. वेगवेगळ्या सरकारांच्या काळातल्या कारभारावर होता.

पण आपल्याच इतिहासात उलट उदाहरणही आहे. १९८२ मध्ये सुझुकीशी मारुतीचा करार झाला, तेव्हा सुझुकीचा हिस्सा फक्त २६ टक्के होता आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवायचे ठरलं होतं. त्यातून गुडगावच्या आसपास भाग बनवणाऱ्या कंपन्यांची रांग उभी राहिली. हे १९९१ च्या आधीचं, 'बंद' म्हणवणाऱ्या भारतातलं. आणि दाभोळ 'उघड्या' भारतातलं. दरवाजा उघडा की बंद, या प्रश्नाने दोन्हींचा उलगडा होत नाही. एका करारात आपण काय मागायचं हे ठरवून बसलो होतो. दुसऱ्यात समोरच्याने जे मांडलं ते घेतलं.

चार देशांची तुलना करून मला समजलं ते एवढंच. भारताने विचारलं, मालक कोण? चीनने विचारलं, कुठे बसणार आणि मागे काय ठेवणार? ब्राझीलने विचारलं, कुठे बनवणार? इंडोनेशियाने विचारलं, कच्चं नेणार की पक्कं? प्रत्येकाने जे विचारलं ते बऱ्यापैकी मिळवलं. जे विचारलंच नाही, ते गमावलं. आणि मजुराचं, मच्छीमाराचं, जमीन गेलेल्याचं कोणीच पहिल्या ओळीत लिहिलं नाही. इथे मोर्चा काढता आला, कोर्टात जाता आलं, वर्तमानपत्रात छापता आलं, म्हणून दाभोळची गोष्ट निदान आपल्याला माहीत तरी आहे. चीनमधल्या अशा कित्येक गोष्टी आपल्याला कधी कळणारही नाहीत. ही सोय मला शेनझेनच्या उंच इमारतींपेक्षा कमी मोलाची वाटत नाही.

उर्दूत करार म्हणजे ठरणं, ठहराव, मनाची शांती. म्हणून ती गेली की माणूस बेकरार. मराठीने तोच शब्द घेतला आणि कागदावर बसवला. दोन्ही अर्थ एकाच मुळाचे. करार असा असावा की दोन्ही बाजूंना त्यानंतर करार यावा.

मागच्या आठवड्यात पुन्हा नववीचा पिरियड मिळाला. मी त्या मुलाला एवढं सगळं सांगितलं नाही. फर्रुखसियरचं फर्मान आणि मीर कासिमची गोष्ट सांगितली, आणि मग एका भाडेकराराची नावं खोडलेली झेरॉक्स सगळ्यांना वाटली. म्हणालो, यात चार गोष्टी शोधा: मुदत किती, पैसे कशाचे, मोडलं तर काय, आणि निर्णय कोण देणार. वीस मिनिटं वर्गात आवाज नव्हता. पोरांनी एक कलम शोधून काढलं, जे मीही नीट वाचलं नव्हतं: मुदतीआधी घर सोडलं तर अनामत परत नाही.

तास संपताना तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. "सर, दाभोळचा करार मराठीत होता का?"

मी म्हणालो, "नाही, इंग्रजीत होता."

"मग अंजनवेलच्या लोकांनी वाचला कसा?"

घंटा झाली होती. या वेळी वर्ग हसला नाही.